निगडीच्या अंगणातली होडी

निगडी, प्राधिकरण
६ ऑक्टोबर १९८१

ती. सौ. अरुंधतीवन्सं यांना,

मृदुलाचा साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं इथे ठीक आहोत. देवगडला तुम्ही सगळी खुशाल असाल असं धरून चालते. तुमची चित्रा आता कॉलेजात जात असेल. इकडे पाऊस आटोपलाय. समोरच्या प्लॉटवर बंगला उठतोय, त्यामुळे कितीही झाडलं तरी घरात सिमेंटची धूळ.

आणि आमच्याकडे एक होडी झाली आहे.

हसू नका. खरीखुरी होडी! प्लायवूडची, वरून फायबरग्लास चढवलेली. ह्यांनी अंगणात बांधली. तुमच्या भावाला खाडीचं केवढं वेड ते तुम्हाला मी काय सांगायचं! पण निगडीत होडी म्हणजे शेजाऱ्यांना आयती चेष्टा. पलीकडचे अर्जुनराव फाटकाशी थांबून विचारायचे, "काय हरिहरराव, समुद्र कधी येतोय?"

बांधतात कशी, तेही गमतीचं आहे. प्लायवूडचे तुकडे कापायचे, कडेला भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने एकमेकांना चक्क शिवायचे, पोलकं शिवतात तसे. मग सांध्यांवर काचेचं कापड अंथरून त्यावर रेझिन फासायचं. ते वाळलं की दगड. शिवण सगळी मी घातली. तारा पिळायला दोन्ही हातांची बोटं लागतात.

वन्सं, इथवर लिहून मी उठले होते. चहा केला, वाळलेले कपडे घडी करून ठेवले. आता लिहितेच.

मागच्या वर्षी गणपती उठले आणि त्याच आठवड्यात कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये ह्यांचा उजवा हात सापडला. अंगठा आणि करंगळी राहिली. मधली तीन बोटं गेली.

शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलले ते, "ताईला कळवायचं नाही. तिनं मला आई होऊन वाढवलंय. हा हात तिला दाखवू कसा?" म्हणून भाऊबीजेला ओव्हरटाइमचं निमित्त सांगितलं. म्हणून पत्रं माझ्या अक्षरात येऊ लागली. तुम्ही लिहिलंत, "बहिणीला दोन ओळी लिहायलाही हरीला सवड नाही का?" ते वाचून हे भिंतीकडे तोंड करून झोपले. पुढे तुमची पत्रंच थांबली. तुमचं काही चुकलं नाही.

कंपनीने टूलरूममध्ये बसून करायचं काम देऊ केलं होतं. हे जाईनात. जेवतानासुद्धा मी समोर बसलेलं चालेना. कोणी आलं की हात टॉवेलखाली जायचा.

डॉक्टरांकडून परत येताना काळेवाडीत रहिमानभाईंचं गॅरेज लागतं. ते मोटारींच्या बॉडीचं फायबरग्लासचं काम करतात. एकदा हे तिथे बराच वेळ बघत उभे राहिले आणि विचारलं, "याची होडी होईल का हो?"

रहिमानभाई म्हणाले, "होईल की साहेब. पण इथं पाणी कुठाय?"

"रावेतला आहे. पवना नदीत."

कितीतरी दिवसांनी ह्यांनी कोणाशी आपणहून बोललेलं मी ऐकलं. होडीला मी नाही म्हटलं नाही ते त्यासाठी.

उन्हाळ्यात सांगाडा उभा राहिला. तारा माझ्या, बाकी सगळं ह्यांचं, डाव्या हाताने. मग रेझिनचा पहिला हात दिला. ते वाळावं म्हणून त्यात हार्डनर मोजून घालावं लागतं. त्या इवल्या मापात ओतताना ह्यांच्या हातून अर्धं सांडलं आणि ते कोणालाच बोलले नाहीत. चार दिवस झाले तरी होडी गुळाच्या पाकासारखी चिकट. रहिमानभाईंनी बोट लावून पाहिलं. "वहिनी, हे आता वाळायचं नाही. खरवडून काढावं लागंल."

ह्यांनी ब्रश फेकला. "जाळून टाका," म्हणाले. "हात गेला तेव्हाच सगळं संपलं होतं."

वन्सं, लग्न झाल्यापासून मी ह्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. रहिमानभाईंच्या देखत. म्हटलं, "सांडलं तर सांडलं म्हणायला काय झालं होतं? माप मी ओतलं असतं!" आणि पत्र्याचा तुकडा घेऊन खरवडायला बसले. हे आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी रहिमानभाईंच्या घरातून रहमतबी मदतीला आल्या. आम्ही दोघी डोक्याला फडकी बांधून खरवडत होतो. तिसऱ्या दिवशी हे बाहेर आले, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "माप तू ओत. ब्रश मी चालवतो."

परवा रविवारी रहिमानभाईंच्या टेंपोतून होडी रावेतला नेली. उजव्या वल्ह्याच्या मुठीला मी कॅनव्हासचा पट्टा शिवून दिला होता, त्यात हात अडकवायचा. काठावर धोंडीबा म्हणून एक म्हातारबा म्हशी धूत होते. म्हणाले, "बुडंल न्हाई न्हवं?" हे एकटेच बसले आणि वल्हवायला लागले. डाव्या हाताचा जोर जास्त, त्यामुळे होडी जागच्या जागीच गोल गोल! धोंडीबा ओरडले, "आवं सायेब, भवरा झाला की वो!"

हे हसले, वन्सं. इतके हसले की वल्ही सुटली. टॉवेल काठावरच राहिला होता, आणि तो उघडा हात वर करून धोंडीबांना हाक मारत होते, "आजोबा, थांबा जरा, शिकतोय अजून!" तासाभराने होडी सरळ पलीकडे गेली आणि परत आली.

परवा दसरा. त्या दिवसापासून हे टूलरूममध्ये जाणार आहेत. आणि काल रात्री जेवताना, माझ्या समोर बसून, आपणहून म्हणाले, "ताईला सगळं लिही."

दिवाळीला इकडे या. त्यांचा हात बघून तुम्हाला रडू येईल, ते आवरू नका. एवढं आता त्यांना सोसेल. रावेतला जाऊ. होडीत तिघं मावतात, पण मी काठावर थांबेन. तुम्ही दोघं बहीणभाऊ नदीत जाऊन या. घाई करू नका.

तुमची,
मृदुला