अनापत्ति

इंदिरा नगर, लखनौ
गुरुवार

प्रिय रुचा,

पुण्याहून तुझं उत्तर येतं ते 'ओके मावशी' एवढंच. शाळेत संधी आणि समास मी शिकवले, हा संक्षेप कुठे शिकलीस? मी मात्र सविस्तर लिहिणार आहे. फोनवर तू मध्येच बोलशील, आणि एकदा थांबले तर पुढचं सांगायचं धैर्य राहणार नाही.

आपल्या कॉन्व्हेंटच्या चॅपलचा जीर्णोद्धार चाललाय. फाटकावर तसा फलकच आहे. त्यातलं 'जीर्ण' बरोबर; 'उद्धार' मात्र आपल्या मराठी अर्थाने चालू आहे, आईबापांसकट. ठेकेदार रणजितसिंह रोज सकाळी 'प्रणाम, संस्कृत मैम' म्हणतो आणि चुन्याचा गिलावा खरवडायला माणसं लावतो. वर सिमेंट, त्यावर पुट्टी, त्यावर क्रीम रंग. 'मैम, बिल्कुल बैंक्वेट हॉल जैसा चमकेगा,' हे त्याने मला इतक्या आनंदाने सांगितलं की रागावताही येईना. वेदीपुढे वधूवरांच्या लाल खुर्च्या मांडणं तेवढं बाकी आहे.

प्रिन्सिपल सिस्टरना तरी काय बोलू? भिंतींना ओल येते, त्यांना कोरडी भिंत हवी, आणि कोरडं म्हणजे सिमेंट एवढंच त्यांना कुणीतरी सांगितलंय. मी त्यांना हाताला धरून तुझा तो हातभर तुकडा दाखवला. आठवतो ना? तुझ्या आर्किटेक्चरच्या प्रबंधाचा उन्हाळा. चुन्यात मिसळायला म्हणून माझ्या स्वयंपाकघरात उडीद डाळ भिजत घातलीस, बेलफळाचा गर काढलास आणि माझा मिक्सर जाळलास. आमचे हे आठवडाभर डोशांची वाट पाहत होते. त्या गिलाव्याचा तुकडा उत्तरेच्या खिडकीखाली पाच पावसाळे झाले तरी खणखणीत कोरडा आहे. सिस्टरनी त्यावर हात फिरवला, म्हणाल्या, 'अच्छा!' आणि गेल्या.

त्याच उन्हाळ्यात सफेदीचे थर नखाएवढे नखाएवढे काढताना तुला ती वेल सापडली. शंभर वर्षांपूर्वीच्या सिस्टरांनी सुट्टीत शिडीवर चढून स्वतः रंगवलेली, निळी. दक्षिणेच्या भिंतीवर द्राक्षं अगदी शास्त्रशुद्ध. उत्तरेला वळेपर्यंत मात्र मलिहाबादहून आंब्याची पेटी आली असावी, कारण तिथे द्राक्षवेलीला चक्क दशहरी लागलेत. तू शिडीवरून 'मावशी, आंबा!' म्हणून ओरडलीस तेव्हा खाली जपमाळ ओढणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टरांचा जप चुकला होता.

द्राक्षं गेली, रुचा. मंगळवारी. नववीला शब्दरूपं घोकवून मी खाली आले, तेव्हा निळी भुकटी घमेल्यांतून बाहेर चालली होती.

मी काय करत होते, असं तू विचारणार. विचार. तू निघताना म्हणाली होतीस, 'तू आहेस म्हणून मी निर्धास्त जातेय.' म्हणून आता ऐक. मार्चमध्ये शिक्षक-प्रतिनिधी म्हणून माझ्यापुढे एक कागद आला : 'अनापत्ति प्रमाणपत्र'. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत, हे पंचवीस वर्षं लखनौत काढल्यावर मला ठाऊक आहे. पण संस्कृतात ती संकट, आपल्या मराठीतही. मी स्टाफरूमला हसवत बसले, बघा, इथे संकट नसल्याचंसुद्धा प्रमाणपत्र मिळतं! सगळ्या हसल्या, मी हसता हसता सही ठोकली. वरचा मजकूर वाचलाच नाही. 'पुराना प्लास्टर पूर्णतः हटाया जाएगा.' वाक्य शुद्ध होतं. माझ्या सहीच्या बरोबर वर होतं. रणजितसिंहावर इतका वेळ चिडले, त्याने तर वाचून काम केलं.

काल मी ती सही मागे घेतल्याचं पत्र दिलं. सिस्टर भल्या बाई; सोमवारपर्यंत उत्तरेची भिंत थांबवते म्हणाल्या. पण त्यापुढे संस्कृत मैमच्या भरवशावर थांबणार नाहीत. चुन्याने भिंत कोरडी राहते हे जाणकाराने येऊन पटवावं. म्हणून हे पत्र, कुरिअरने. तुझे नकाशे घे आणि ये. डाळ मी भिजत घालते, मिक्सर नवा आहे. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, आंब्यांसाठी ये. या खेपेला आपत्ती आहे, दोन्ही भाषांत.

तुझीच,
मंजिरी मावशी

(ही सही वाचून केली आहे.)