लुजैनचा गेमिंग पीसी

प्रिय अरीज,

आधीच सांगतो, लुजैन अगदी बरी आहे. माझं पत्र दिसलं की तू आधी घाबरणार, हे मला ठाऊक आहे. आज शुक्रवार. मी नमाजाहून परतलो तोवर पोर माझ्या बहिणीकडे मक्लूबा खायला निघून गेली होती, आणि तेव्हापासून मी घरात नुसता येरझाऱ्या घालतोय. दोन ओळी लिहितो, उठतो, गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी भरली का ते बघून येतो. टाकी भरलेलीच असते.

कॉम्प्युटरचं तिनं तुला सांगितलंच असेल, पण माझ्या तोंडूनही ऐक. तू दोह्याच्या नोकरीवर रुजू झालीस आणि ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा पहिल्या आठवड्यात ती माझ्याशी काय बोलली असेल? "बाबा, वायफायचा पासवर्ड काय?" बस, एवढंच. आपण वेगळे झाल्यापासून मी तिचा फक्त शुक्रवारचा बाप होतो. शुक्रवारच्या बापाला सोपं असतं, कुनाफा खाऊ घातला की दिवस संपतो. रोजच्या बापानं काय बोलायचं असतं ते मला येईना. सोळा वर्षांची मुलगी, दार लावून गेम खेळत बसलेली, आणि मी दाराबाहेर चहाचा कप घेऊन उभा. ठोठावू की नको?

शेवटी सफवानच्या दुकानात गेलो. गार्डन्स रस्त्यावर कॉम्प्युटर विकतो ना, त्याचे एसी मीच बसवलेत. म्हटलं, "तुझ्याकडचा सगळ्यात भारी गेमिंग पीसी दे. स्क्रीनही फोर-के हवा." तो म्हणाला, "अबू लुजैन, पोरीच्या बापा, आधी बस. फोर-के म्हणजे साध्या स्क्रीनच्या चौपट ठिपके. एवढे ठिपके हे कार्ड दर सेकंदाला साठ-साठ वेळा नव्यानं रंगवणार. नवे गेम सगळं फुल ठेवून चालवलेस तर कुठं कुठं तेवढंही जमणार नाही, अडखळेल. मग येऊन माझा गळा धरू नकोस." मी विचारलं, "पण सगळ्यात भारी आहे ना?" "आहे. पण भारी म्हणजे जादू नव्हे रे बाबा." माझं लक्ष कुठं होतं? मला जादूच हवी होती.

आणि पहिल्या संध्याकाळी ती झालीसुद्धा. लुजैननं कुठल्याशा बर्फाळ डोंगरातला गेम लावला. घोड्याच्या आयाळीचा केस न् केस दिसत होता, तळ्यात ढग सरकत होते. मध्येच चित्र धक्के खाऊ लागलं, मी घाबरलो. ती हसली. "अरे, सावल्या फार भारी लावल्यात, म्हणून दमलाय. थांब, थोड्या कमी करते. आता मशीन लहान चित्र काढेल आणि मोठं करून दाखवेल, तुला कळणारसुद्धा नाही." खरंच कळलं नाही. ती मला एकेक बटण दाबून दाखवत होती, हे चालू केलं तर काय, ते बंद केलं तर काय. मी शेजारी खुर्ची ओढून बसलो. पीसीच्या मागून इतकी गरम हवा येत होती की थंडीत शेगडी लावायची गरज नव्हती. अरीज, आठ वर्षांत ती माझ्याशी इतकं सलग बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर पडद्यावर चपटी घरं, पुठ्ठ्यासारखी झाडं, सावलीचं नाव नाही. मी हबकलो. "बिघडलं की काय?" "नाही बाबा, मीच सगळं कमी केलंय. रिझोल्यूशनसुद्धा." "मग मी फोर-के कशाला आणला?" "ते तुलाच माहीत," ती म्हणाली, नजर पडद्यावरच. "मला सुंदर दिसायला नकोय, वेळेवर दिसायला हवंय. समोरचा मला दिसायच्या आधी मी त्याला दिसले तर मेलेच ना!" तेव्हा कळलं की पाच मुलींचा संघ आहे, स्पर्धा खेळतात आणि आपली पोर त्यांची कप्तान आहे. तुला हे केव्हापासून ठाऊक होतं, मला विचारायचीही लाज वाटते.

तरी मी खूश होतो. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, मी जिंकतोय. तू फोन करून म्हणालीस, "हैसम, संमती दे, मला तिला इकडे आणू दे," तेव्हा मी केवढ्या तोऱ्यात म्हणालो होतो, "पोर इथं रमलीय, तिला हलवू नकोस." ती समोरच बसली होती, कानांवर हेडफोन. तिला ऐकू जात नाही असं धरून मी बोलत होतो.

गेल्या शनिवारी त्यांचा उपांत्य सामना होता. बाहेर कडाक्याची थंडी. तिचे हात गारठू नयेत म्हणून मी तिच्या खोलीत विजेचा हीटर लावला. मग वाटलं, मरमिय्याची पानं घालून गरम चहा द्यावा. स्वयंपाकघरात जाऊन किटली सुरू केली आणि घरभर अंधार! एकाच लाइनवर हीटर, किटली आणि तो राक्षस. जन्मभर गिऱ्हाइकांना हेच बजावत आलोय मी. धडपडत फ्यूजबोर्डापाशी गेलो, बटण वर केलं. पण तो पीसी पुन्हा सुरू होऊन ती परत जोडली जाईपर्यंत तिकडे खेळ आटोपला होता.

मला वाटलं, आता आकांडतांडव करणार. म्हटलं, कर बाई, मला हवं तेवढं बोल. ती खुर्चीतून उठली आणि म्हणाली, "असू दे बाबा. तू चहाच करत होतास ना." तो चहा तिनं माझ्यासमोर पूर्ण प्यायला. मग फोन घेऊन बाल्कनीत गेली, दार ओढून घेतलं. काचेतून मला दिसत होतं. तुझ्याशी बोलताना ती हमसून हमसून रडत होती. मग तू काहीतरी बोललीस आणि ती नाक बाहीला पुसत हसली. माझ्यासमोर एक टिपूस काढलं नव्हतं तिनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लबनेच्या दह्याची वाटी तिच्यापुढे सरकवली आणि विचारलं, "लुजैन, तुला कुठं राहायचंय?" ती भाकरीचा तुकडा झातरच्या मसाल्यात नुसता फिरवत राहिली. "रागावणार नाहीस?" "नाही." "आईकडे." आणि मग घाईघाईनं, "पण पीसी खरंच मस्त आहे, बाबा. माझ्या संघात कुणाकडेच असा नाही." मी म्हटलं, मग आधी का नाही बोललीस? तर म्हणाली, "तू आईला फोनवर सांगितलंस ना, मी रमलेय म्हणून. हेडफोन होते, पण आवाज बंद होता. तू इतका खूश होऊन सांगत होतास."

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. रविवारी, सुट्टी संपून कोर्ट उघडलं की, जाऊन मी संमती देतोय. फोनवर सांगितलं असतं तर तुझा आवाज ऐकून पुन्हा नाही म्हणालो असतो, म्हणून हे लिहिणं. आणि बहिणीकडून ती परत यायच्या आत पाकीट टाकून येणार आहे. पीसी तिच्याबरोबर पाठवतो. तिच्या खोलीला वेगळी लाइन ओढून घे, तेवढं ऐक माझं. गेलेच तर उन्हाळ्यात येईन म्हणालीय, ते ती विसरली तर तू विसरू नकोस. आणि आणखी एक. संमतीचं मी तिला अजून काही बोललेलो नाही. ही बातमी तिला तूच दे, फोनवर, ती बाल्कनीत दार लावून उभी असेल तेव्हा. मी सांगितलं तर माझ्याकडे बघून ती आपला आनंद लपवेल, आणि ते मला बघवणार नाही.

लुजैनचा बाबा, एके काळचा तुझाच,
हैसम