सातव्या डावात बोलले तेव्हा

सोमवार, १४ मार्च १९९४

प्रिय ऑगी,

तू आणि व्हर्ना मजेत असाल असं धरून लिहायला बसले आहे. आम्ही ठीक. वॉल्टरचा गुडघा थंडीत कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा वॉल्टर जास्त कुरकुरतो. अंगणातला बर्फ अजून हटायचं नाव घेत नाही. फोन सोडून ही बाई पत्र कशाला खरडते आहे, असं तू म्हणशील. फोन मी गेल्या महिन्यात तीनदा केला. तिन्ही वेळा हवापाण्याचं बोलले आणि ठेवून दिला. म्हणून पत्र.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेले मासे खायला गेलो होतो. रांगेत माझ्यापुढे कोण उभं होतं सांगू? एमिल सोबोटका. तुझा बेसबॉलवाला सोबोटका. एकसष्ट वर्षांचा, डोक्याचं पार टक्कल, उजवा हात पोटाशी धरलेला, डाव्या हाताने ताट सांभाळतोय. मी ओळखलं ते कानांवरून. असे कान गावात दुसऱ्या कुणाला नव्हते.

त्याचा पेपरातला फोटो तू खळीने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होतास, आठवतं? आईने त्यावरून तुला चांगलाच झाडला होता. कोळशाच्या खोपीपुढे तू रोज संध्याकाळी सोबोटका व्हायचास. टोपीला दोनदा हात, बोटाला थुंकी, मग पिचरसारखा डावा गुडघा थेट छातीपर्यंत, आणि चेंडू सुसाट माझ्याकडे. तो झेलणारी कॅचर मी, हातात पपांचा हिवाळ्यातला हातमोजा. माझं नाक अजून जरा वाकडं आहे, ते तुझ्याच कृपेने. एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मला खरा आवडायचा तो जाडा डावखुरा लॉफ्टस. त्याच्या चेंडूंना सगळे धू धू धुवायचे, आणि तरी मैदानातून बाहेर येताना तो आम्हा पोरांना हात करायचा. हरणाऱ्या पिचरवर जीव जडलाय म्हटल्यावर तू मला घरात घेतलं नसतंस.

सत्तावन्न सालचा तो रविवारही तुला आठवत असेल. पपांच्या काचकारखान्याने कामगारांना फुकट तिकिटं वाटली होती. तू चौदाचा, मी नऊची, मध्ये पपा. सहा डाव झाले तरी सोबोटकाने समोरच्या कुणालाही चेंडू टोलवून पहिला तळ गाठू दिला नव्हता, एकही हिट मिळू दिली नव्हती. नियम तूच मला पढवला होतास. "पिचरचा असा दिवस चालला असेल ना, तर सामना संपेपर्यंत ते कुणी तोंडातून काढायचं नाही. त्याचे सोबतीसुद्धा बाकावर त्याच्याजवळ बसत नाहीत. बोललं की दृष्ट लागते. थेल, बोललीस तर मेलीस."

सातव्या डावात मला राहवलं नाही. "पपा, त्यांना अजून एकही हिट नाही," मी म्हणाले. आणि पुढच्याच चेंडूला हिट. अख्खी रांग माझ्याकडे वळून बघायला लागली. "हिच्यामुळे गेलं सगळं," तू म्हणालास. त्या दिवसानंतर सोबोटका पुन्हा कधी खेळला नाही. तू तीन आठवडे माझ्याशी अबोला धरलास.

शुक्रवारी मी त्याच्या टेबलाशी जाऊन बसले आणि म्हटलं, "मिस्टर सोबोटका, तुमचा तो सामना मी घालवला. सातव्या डावात मी बोलले होते."

तो इतका हसला की कोबीची कोशिंबीर सांडली. "तूच का ती? सदतीस वर्षं शोधतोय तुला." मग त्याने काटा खाली ठेवला. "पोरी, तुझा काही संबंध नाही. पाचव्या डावातच माझ्या कोपरात काहीतरी तुटलं होतं. कॅचरने माझा हात लोंबताना पाहिला, आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. सगळेच लांब बसले. दृष्ट लागेल ना."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"मी तर सगळ्यांत जास्त घाबरलो होतो. वाटलं, बोललो की ते खरं होईल. कुणी एकाने शेजारी बसून विचारायला हवं होतं, एमिल, हाताला काय झालंय रे? तिथेच चेंडू खाली ठेवला असता. डॉक्टर म्हणाला, पाचव्यात थांबला असतास तर हात वाचला असता."

त्याने बाही वर करून दाखवली. कोपर सरळ होत नाही, ऑगी. मी ताट बाजूला सारलं. वॉल्टरने विचारलं, काय झालं, आणि मी नेहमीसारखी म्हणाले, काही नाही.

आता जे लिहिते आहे, ते वॉल्टरलाही माहीत नाही. बासष्ट सालच्या शरदात, तू टोलेडोच्या काचकारखान्यात गेलास त्यानंतर, एका शनिवारी धुण्यात मला पपांचा रुमाल सापडला. घडीवर घडी घालून अगदी लहान केलेला. उघडला तर आत रक्त. पपा दारात उभे होते. "काय गं?" त्यांनी विचारलं. "काही नाही," मी म्हणाले. रुमाल उकळला, इस्त्री केली आणि त्यांच्या खणात ठेवला. पुढेही तसे रुमाल आले, आणि तेही मी धुतले. मला वाटायचं, मी बोलले की हिट बसेल. फेब्रुवारीत ते कारखान्यात भट्टीपाशी कोसळले तेव्हा डॉक्टरने विचारलं, "आधी का नाही आणलंत?" आई आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मी जमिनीकडे. मे महिन्यात पपा गेले.

आणि आता तू.

जानेवारीत तुझ्या नातीच्या बारशाला आम्ही आलो होतो. व्हर्ना बाळापाशी होती, म्हणून धुणं मी हातात घेतलं. तुझ्या पँटच्या खिशात रुमाल होता. तीच घडीवर घडी. तू जिन्यात उभा राहून विचारलंस, "काय गं थेल?" आणि शेहेचाळीस वर्षांची घोडी मी म्हणाले, काही नाही. तुझ्या पट्ट्याला नवी भोकं पाडलेली मी पाहिली होती. चर्चमध्ये तू पाठ फिरवून खोकलास, तेही पाहिलं होतं. पपांच्या छातीत होती तीच काचेची धूळ तुझ्याही छातीत आहे. या गोष्टीला नऊ आठवडे झाले. तेव्हापासून फोन वाजला की मी वॉल्टरला उचलायला लावते. बोलायची भीती वाटते आणि न बोलण्याची त्याहून जास्त.

हे पत्र फाडून टाकलंस तरी उपयोग नाही. याच टपालाने व्हर्नालाही लिहिते आहे. गुरुवारी दुपारच्या बसने मी येते, शुक्रवारी सकाळी आपण तिघं डॉक्टरकडे जाऊ. तू चिडशील, ते मला माहीत आहे. खुशाल चीड. तीन आठवडे बोलू नकोस, तीन वर्षं बोलू नकोस. पण अबोला धरायला तू असायला हवास.

ऑगी, तुझ्या रुमालात रक्त होतं. मी पाहिलं.

बाकावर तुझ्याजवळ येऊन बसणारी,
थेल