पपईच्या देठाची नळी

माय, तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. लग्न होऊन मी नागपूरला आले तेव्हा पत्रं बाबांच्या नावानं लिहायचे आणि तळाशी ‘मायला नमस्कार’ एवढं घालायचे. बाबा पोस्टातले, म्हणून पत्रं त्यांची आणि बाग तुझी, अशी वाटणी आपल्या घरात कोणी न करताच झाली होती. आज लिहायला बसले त्याला कारण माझी नात. अकरा वर्षांची आहे, आणि तुझ्यासारखीच, एका गोष्टीच्या मागे लागली की सोडत नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे अंदमानला चाललो आहोत. सहा दिवसांतला एक दिवस तिनं स्वतःच्या ताब्यात घेतला आहे. सहा वाजता धक्क्यावर पोचायचं, लाँचनं एका बेटापाशी जायचं, तिथे गाइड डोळ्यांना चष्मा आणि तोंडात नळी देतो, आणि मग पाण्यावर पालथं पडून खालची प्रवाळं, मासे, नशीब असेल तर कासव, असं पाहत राहायचं. काल ती मोबाइलवर त्यांचा फॉर्म भरत होती. आजी, वय सांग. आजी, बीपीची गोळी घेतेस ना. आजी, पोहता येतं का. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, पण तुझ्या आईला तर येत होतं, आणि ती पण तिथेच जाणार होती ना, मग का नाही गेली? मी तिला उत्तर दिलं. काय दिलं ते तुला सगळ्यात शेवटी सांगेन, कारण आधी सांगितलं तर पुढचं लिहवणार नाही.

तुझ्या डोक्यात हे कुणी भरलं ते मला आठवतं. बाबांचे एक सोबती, पांढुर्ण्याच्याच पोस्टातले, सरकारी प्रवास-सवलतीवर बायकोमुलांना घेऊन अंदमानला जाऊन आले होते. एका रविवारी आपल्याकडे जेवायला आले. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, ते दारात पाटावर बसून सांगताहेत. मद्रासपर्यंत रेल्वे, पुढे चार दिवस जहाज, तिथला तुरुंग, नारळ, डास. तू नुसती हूं हूं करत होतीस. मग त्यांनी त्या एका दिवसाचं सांगितलं, नळी तोंडात धरून माणूस पाण्यात तोंड घालून कसा तासभर पडून राहतो ते, आणि तू तव्यावरची भाकरी उलटायची विसरलीस. "पान्यात तोंड घालून दम घेता येते? वर या लागत नाई?" तू विचारलंस. ते हसून म्हणाले, नाही लागत. मोहगावला, माहेरच्या विहिरीत, तू पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेली. त्या विहिरीच्या तळाशी खडकात एक कपार होती, तिच्यात मासोळ्या राहायच्या, आणि त्या जरा बाहेर यायला लागल्या की नेमका तुझा दम संपायचा, हे तू मला कितीदा तरी सांगितलं होतंस. लग्न झाल्यावर विहिरीत उडी मारणं बंद झालं, ते कोणी सांगावं लागलं नाही.

मग तू ठरवायला लागलीस. बाबांची सवलत चार वर्षांतून एकदा, आणि त्या खेपेची मुदत डिसेंबरअखेर संपत होती. तोवर घर सोडायलाच हवं होतं. बाग मात्र वर्षभर माणसाला हलू देत नाही. अपवाद फक्त आंबिया बहारासाठी संत्र्याला ताण देतात त्या दीड-दोन महिन्यांचा. झाडांचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, काळी जमीन भेगाळू द्यायची, आणि मग मोजून-मापून पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून येतं. तेवढे दिवस बागेत न करणं हेच काम असतं. तू त्या साली ताण जरा लवकर, नोव्हेंबरातच लावलास, आणि सालदाराला, म्हणजे आपल्या वर्षाच्या गड्याला, बजावलंस की आम्ही येईपर्यंत मोटरला हात लावायचा नाही. तिथल्या एका गाइडचा पत्ता त्या सोबत्यांकडे होता. त्याला बाबांकडून हिंदीत पत्र लिहवलंस. त्याचं पानभर उत्तर आलं ते तू देव्हाऱ्यातच ठेवलंस. प्रवाळावर पाय ठेवू नका, तो दगड दिसला तरी जिवंत असतो. पाण्यातून काही उचलून आणू नका. घाबरणाऱ्यांसाठी तळाला काच लावलेली बोट आहे. आणि पोहता येतं का, ते कळवा. बाबा लेखणी धरून थांबले तेव्हा तू म्हणालीस, "लिहा, विहिरीतलं येते. समुद्रातलं त्याईनं शिकवावं." बाकीचे वीस दिवस तू बाबांवर सोडून दिलेस. तो एक दिवस मात्र कॅलेंडरच्या जुन्या पानामागे तासातासानं लिहून काढलास, सोबत भाकरी न्यायची की दशम्या, इथपर्यंत.

गाइडनं आणखी एक लिहिलं होतं, की साडी नेसून पाण्यात उतरता येणार नाही, पायात अडकते. म्हणून तू माझी जुनी सलवार-कमीज मागितलीस, निळी, बाहीला उसवलेली. मी दिली, पण तोंड वाकडं करून. ताण चालू होता, बागेतली विहीर कोणी उपसत नव्हतं, पाणी चांगलं वरपर्यंत आलं होतं. दुपारी कामं आटोपली की तू पपईच्या पानाचा पोकळ देठ घ्यायचीस, सकाळीच कापून, चीक धुऊन उन्हात ठेवलेला, आणि पायऱ्या उतरून पाण्यावर पालथी पडायचीस. पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी गेलं. पायरीवर बसून खोकलीस आणि पुन्हा पडलीस. आठवड्याभरात तू इतका वेळ निश्चल राहायला लागलीस की कापूस वेचायला जाणाऱ्या बाया काठावर थांबून, हाक मारून खात्री करून घ्यायच्या. त्यांच्या हसण्याचं तुला काही नव्हतं. जामसांवलीचा मारुती आडवा निजलेला आहे, त्याच्यावरून तू म्हणायचीस, "मारुती झोपून रायते तं लोक पाया पडते. मी पान्यावर झोपली तं हासते." आत्ता लिहिताना मला हसू येतं आहे. तेव्हा आलं नाही.

तेव्हा मी पांढुर्ण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते आणि जगात माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. एका रविवारी चार मैत्रिणी झाडावर राहिलेली संत्री खायला बागेत आल्या. त्यांना विहिरीकडे फिरकू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण पाणी प्यायला म्हणून त्या तिकडेच वळल्या. तू वर आलीस. ओली कमीज अंगाला चिकटलेली, केस तोंडावर, तोंडात देठ, आणि तो देठ न काढताच तू हातानं त्यांना बसायची खूण केलीस. दुसऱ्या दिवशी कॉलेजात माझं नाव मासोळी पडलं. फळ्यावर मासोळी काढलेली असायची, मी वर्गात शिरले की कोणी तरी गाल फुगवायचं. तुझ्या लक्षात आलं होतं. एकदा माझी वेणी घालताना तू विचारलंस, "तुले कोनी काही म्हनून राहिलं का कॉलेजात?" मी नाही म्हटलं. हो म्हटलं असतं तर तू निदान विहिरीवर जायची वेळ बदलली असतीस, कदाचित माझ्याबरोबर कॉलेजच्या फाटकापर्यंत आली असतीस, कोण जाणे. परीक्षेचं निमित्त करून मी तुमच्याबरोबर येणं आधीच टाळलं होतं, आत्याजवळ राहणार होते. तरी सुटका नव्हती. मैत्रिणींनी ठरवलं की तुम्ही निघाल त्या दिवशी सगळ्यांनी स्टेशनवर यायचं, मासोळीला समुद्रात सोडायला.

निघायला चार दिवस उरले होते. शनिवारी तू प्रवासाचा नारळ ठेवायला शेजारच्या काकूंबरोबर जामसांवलीला गेलीस. बाबा पोस्टात, सालदार बैल घेऊन नाल्याकडे. मी बागेत गेले. वीज होती. मोटरच्या खोलीची किल्ली चौकटीवर असते हे मला लहानपणापासून ठाऊक. मी स्टार्टरचं हिरवं बटन दाबलं, पाटाला पाणी आलं, आणि फावड्यानं वाट करून देत मी एकेका झाडाचं आळं भरत गेले. बागायतदाराच्या घरची पोर मी, काय करते आहे ते मला नीट कळत होतं. अर्ध्या ताणात पाणी पडलं की झाड फुलांऐवजी पालवीवर जातं, आणि मग हाती काही लागावं म्हणून घरच्या माणसाला रोज बागेत उभं राहावं लागतं. तीन आठवडे बाग सोडून जाणं तर विसराच. झाडं महिन्याची तहानलेली होती. पाणी आत जाताना भेगांतून बुडबुड्यांचा आवाज येत होता. दोन तासांत अर्धी बाग ओली झाली. मग मी मोटर बंद केली आणि घरी येऊन पुस्तक उघडून बसले.

संध्याकाळी तू प्रसादाची पिशवी घेऊन आलीस ती घरात न शिरता तशीच बागेत गेलीस. मी मागून अनवाणीच आले. तू एका आळ्यात बसून मातीत बोट खुपसते आहेस, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. बाबा आले, सालदाराला बोलावलं. तो म्हणाला, "बाई, म्या मोटरले हात नाई लावला. पोरायची आन." बाबांचा आवाज चढला. किल्लीची जागा ठाऊक असलेला गडी तो एकटाच. मी तुझ्या मागे उभी होते. तू उठलीस, लुगड्याला हात पुसलेस आणि बाबांना म्हणालीस, "राहू द्या. झालं तं झालं. आता बाग पाहू." सोमवारी बाबांनी जहाजाची तिकिटं रद्द करायची तार केली. पण त्याआधी, रविवारी सकाळी, मी उठून बाहेर आले तर माझ्या चपला धुऊन ओट्यावर वाळत ठेवलेल्या होत्या. आदल्या दुपारी त्यांच्या तळांना बागेतली ओली माती लागली होती, आणि त्या मी धुतल्या नव्हत्या. शेजारी निळी सलवार-कमीज, घडी करून, बाहीची उसवण शिवलेली. तू चहा गाळत होतीस. माझ्याकडे पाहिलंस आणि कप पुढे केलास. साखर नेहमीसारखीच, मला लागते तेवढी जास्त.

तुला कळलं होतं, माय. एक कानाखाली वाजवली असतीस तर सुटले असते, असं मी पुष्कळ वर्षं मनात म्हणत आले. पण तेही तुझ्यावरच ढकलणं झालं. बोलायचं होतं ते मी. बहार त्या साली तुरळकच आला. सालदाराला तू एका शब्दानं बोलली नाहीस, बाबांनाही बोलू दिलं नाहीस, पण गावात बोभाटा झालाच, आणि ताण मोडणारा गडी म्हटल्यावर बागेच्या कामाला कोण उभं करतं? पाडव्याला त्यानं आपल्याकडचं काम सोडलं. तू त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला गेलीस आणि काही तरी बोललीस. काय ते मला ऐकू आलं नाही. खरं सांगितलं असशील अशी तेव्हा भीती वाटायची, आता तसंच असावं असं वाटतं. विहिरीत तू पुन्हा उतरली नाहीस. पुढची सवलत यायच्या आत बाबा रिटायर झाले. आणि शेवटच्या वर्षी तुला नागपूरच्या डॉक्टरकडे आणलं, तिथे बाहेर बसायच्या खोलीत काचेच्या पेटीत मासे होते. तू उठून गेलीस, काचेला नाक लावून उभी राहिलीस, आणि मला दिसलं की तू दम धरून पाहते आहेस. बाकावरचे लोक पाहायला लागले. मी उठले आणि तुझा हात धरून तुला परत आणून बसवलं. तोवर मला दोन मुलं झाली होती, अक्कल यायला एवढा वेळ पुरायला हवा होता.

परवा आमच्या इमारतीमागच्या पपईचं एक पान तोडलं आणि बादलीत तोंड घालून पाहिलं. चीक धुवायचा विसरले, ओठ दिवसभर चुरचुरत होते. दम मात्र घेता आला. फॉर्ममध्ये नातीनं माझ्यासाठी लाइफ जॅकेट मागवलं आहे, गाइड हात धरून नेतो म्हणे. मी उतरणार आहे. हे कागद कोणाला दाखवणार नाही, पोस्टात टाकायला पत्ता नाही, आणि पोस्टातलं आपलं माणूसही राहिलं नाही. आता ते राहिलेलं सांगते. नातीनं विचारलं तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. तू नाहीस, बाबा नाहीत, तो गडीही असेल-नसेल. खरं सांगायला याहून सोपी वेळ मला मिळणार नव्हती. मी तिला म्हटलं, आमच्या गड्यानं चुकून मोटर सुरू केली.