उजव्या सीटची शिवण

अण्णा,

दुपारचे तीन वाजलेत, शटर अर्धं ओढून आपल्या सीटकव्हरच्या दुकानातच बसलोय. लिहायला घेतलं होतं दुसरंच, गाडीच्या कंपनीला तक्रारीचं पत्र. दोन ओळी झाल्या आणि पुढं हात चालेना. मग कागद बदलला आणि तुमचं नाव घातलं. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली. हे पत्र कुठं टाकायचं नाही हे मलाही कळतंय, पण दुसऱ्या कुणाला सांगू? फार दमलोय हो.

माझं गाड्यांचं वेड तुम्हाला कधी पटलं नाही. रद्दीवाल्याकडून मी परदेशी गाड्यांची मासिकं आणायचो आणि कटिंगच्या टेबलाखाली लपवायचो. बावीस वर्षांचा घोडा, घरात लग्नाची बोलणी चाललेली, आणि मी वाचत काय बसायचो, तर जपानात गाड्या डब्यासारख्या अरुंद का असतात. एकदा तुम्ही ते मासिक उलटंपालटं करून बघितलंत आणि विचारलंत, ह्यात सीटचा फोटो कुटं हाय? तुमच्या लेखी गाडी म्हणजे बैठक, बाकी सगळा पत्रा. गिरणीच्या साहेबाची विलायती गाडी आपल्याकडे आली, तेव्हा मी बॉनेटभोवती घिरट्या घालत होतो आणि तुम्ही मागच्या सीटखाली हात घालून आतलं चिवडत होता. विलायतेत बी काथ्याच घालत्यात की, असं म्हणून तुम्ही दिवसभर खूश होता. मला तेव्हा तुमचा राग यायचा. आता हसू येतं, तेही अर्धंच.

हल्ली मासिकं लागत नाहीत, मोबाइलवर जगातल्या सगळ्या गाड्या दिसतात. त्यामुळं माझी मतं वाढली, अक्कल किती वाढली ते पुढं येतंच आहे. युरोपात लांब पाठीच्या गाडीत पोरं, कुत्रं, सायकली घालून लोक हिंडतात. तसलीच गाडी आपल्याकडे आली तर लोक म्हणाले, शववाहिका दिसते, आणि बिचारी निघून गेली. अमेरिकेत भाजी आणायलासुद्धा ट्रकएवढी गाडी लागते. आपल्याकडे चार मीटरच्या आत बसवली की कर कमी, म्हणून चांगल्या गाडीची शेपटी छाटतात आणि आपण तिचेच पेढे वाटतो. पण माझं डोकं खरं फिरायचं ते एअरबॅगवरून. एअरबॅग म्हणजे धडक बसली की फुगून माणसाला सांभाळणारी पिशवी, तुमच्या वेळी नव्हती. एकाच कारखान्यात एकच गाडी बनते. बोटीनं बाहेर जाते तिला पिशव्या जास्त, इथं राहते तिला छतात खिडकी. आपला जीव काय स्वस्त आलाय का? चहाच्या टपरीवर हे मी इतक्यांदा बोललोय की मला बघितलं की लोक पावसापाण्याचं बोलायला लागतात.

तुमची नात, जिला तुम्ही रेक्झीनच्या गुंडाळीवर बसवून घोडा घोडा करायचा, ती आता सत्तावीसची आहे. चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करते. जुळे सोलापूरहून रोज हायवेनं स्कूटरवर जायची. गेल्या वर्षी तिनं गाडी घ्यायची ठरवली आणि मी शोरूममध्ये भांडण मांडलं. तिला छताला खिडकी पाहिजे होती. मी म्हणालो, सहा पिशव्यांची घे, ऊन खायला गच्ची आहे. ती रुसली, पण शेवटी माझंच ऐकलं.

आता कुशनवाल्याच्या पोरीची गाडी उघड्या सीटवर कशी फिरणार? कव्हर मीच शिवलं, चार दिवस लावून. सहातल्या दोन पिशव्या पुढच्या सीटांच्या बाहेरच्या कडेत असतात. तिथं कव्हर उघडं ठेवावं लागतं, नाहीतर पिशवीला बाहेर यायला वाट राहत नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो. तिच्याही सीटांना तशीच कड सोडली. पण दुसऱ्या दिवशी बघितलं तर ड्रायव्हरच्या बाजूला कापड सैल पडलेलं, जांभई दिल्यासारखं उघडं. आणि मला तो दिवस आठवला. माझा पहिला पूर्ण सेट, डॉक्टरांच्या गाडीचा. तुम्ही शिवणीत दोन बोटं घातलीत, ब्लेड मागितलंत आणि डॉक्टरांच्या देखत सगळी शिवण उसवलीत. "ढिलं शिवून देणार असशील तर दुकानावरची माझी पाटी काढ," म्हणालात. मी जेवलो नाही. संध्याकाळी तुम्ही तुमचं वापरातलं दाभण माझ्या हातात ठेवलंत. त्या दिवसापासून या दुकानातून ढिलं काम बाहेर गेलं नाही.

मी ती कड शिवली, अण्णा. मेणाचा दोरा, दुहेरी टाका, तुमच्यासारखा ताण देऊन. सगळं माहीत असून शिवली. मनाशी म्हणालो, एवढ्या वर्षांत कुणाला कधी लागलीय ती पिशवी. पोरीनं सीटवरून हात फिरवला आणि म्हणाली, बाबा, कंपनीला पण असं जमत नाही.

चार महिन्यांपूर्वी सकाळी कामावर जाताना हायवेच्या चौकात एक टेम्पो तिच्या दारावर येऊन आदळला. खिडकीच्या वरची पिशवी उघडली, डोकं वाचलं. बरगड्या मोडल्या, उजवा खांदा गेला. आता हात खांद्याच्या वर जात नाही, वेणी तिची आई घालते. गाडी बघायला मी एकटाच वर्कशॉपला गेलो. तिथला मेकॅनिक माझा जुना ओळखीचा. त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "काका, बॅग फुगली होती, पण कव्हराच्या आतच राहिली. तुमचंच काम ना हे?" मी मान हलवली. त्यानं कव्हर काढून थैलीत घालून माझ्या हातात दिलं आणि कुणाला काही बोलला नाही.

पोरगी काय म्हणते माहीत आहे? "बाबा, तुम्ही सांगत होता तेच खरं. आपल्याला दुय्यम मालच देतात. तुम्हाला सगळं माहितीय, तुम्हीच लिहा, बाहेरच्या देशात काय देतात आणि हितं काय देतात." दिवसभर दुसऱ्यांच्या मालातली खोट शोधणारी पोर, पण बापाच्या कामावर तिला शंका येत नाही. रोज जेवताना विचारते, झालं का पत्र? आणि मी तिला पुन्हा जपान, युरोप, अमेरिका सांगत बसतो. ती डाव्या हातानं जेवते आणि ऐकते. माझं सगळं ज्ञान आता एवढ्याच कामाला उरलंय.

आज तरी सांगावं म्हणून कालपासून शब्द जुळवतोय. शिवली एवढं कदाचित सांगेनही. पण त्या दिवशी वर्कशॉपच्या बाहेर रिक्षाची वाट बघत उभा असताना मी थैलीतून ते कव्हर काढलं, उजवी कड शोधली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. एवढी धडक बसून एक टाका तुटला नव्हता. ते बघून मला बरं वाटलं, अण्णा. पोर तिकडं दवाखान्यात होती, आणि मला बरं वाटलं.