कर्त्याचा प्रत्यय

प्रताप नगर, नागपूर
१४ मे २०२४

जितूदादा,

नमस्कार. कोल्हापुरात ऊन कमी असेल. इथे पारा पंचेचाळीसवर आहे. आईचे गुडघे सोडले तर ती बरी आहे. यमुआत्या आता आमच्याकडेच असते. माणसं ओळखत नाही.

मी अजून भाषाशास्त्र शिकवते. सध्या विभक्तीवर काम सुरू आहे. कोणी केलं, कोणाला केलं, हे कुठली भाषा कसं दाखवते, ते. चिनीत प्रत्यय नाहीत, शब्दांच्या क्रमावरून कळतं. फिनिशमध्ये पंधरा विभक्ती. हिंदीत 'मैंने' म्हणावंच लागतं. आपल्या पुस्तकी मराठीत 'त्याने', 'तिने' आहे, पण 'मी'ला काहीच लागत नाही. मी पडले, मी ढकललं. मला हे फार सोयीचं वाटत आलंय.

मागल्या मंगळवारी दुपारी आत्यासमोर रेकॉर्डर ठेवला. मी पुस्तकी वाक्य म्हणायचं, तिने आपल्या वऱ्हाडीत.

"मुलगी पडली."

"पोरगी पडली."

"मुलाने मुलीला ढकललं."

"पोरानं पोरीले ढकललं."

"मी ढकललं."

तिने ओळख पटल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"म्या धकललं गुंजनले."

गुंजनचं नाव मी काढलं नव्हतं. आणि आत्याचा 'ढ' स्वच्छ आहे, दादा. लहानपणी मलाच 'ढ' म्हणता यायचा नाही.

पुढची वाक्यं पावसाची, बैलाची, भाकरीची होती. प्रत्येकाला तेच उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या अदितीने रेकॉर्डिंग ऐकलं. हेडफोन काढत म्हणाली, "आत्याचा आवाज छान आहे. पण शेवटी ही लहान पोरगी कोण वं?"

मनीषनगरातलं ते बांधकाम, पाण्याचं टाकं. शेजारच्या गुंजनने माझी रिबीन ओढली होती; मी तिला ढकललं, आणि ती त्या पाण्यातून जिवंत निघाली नाही. तू तर लांब विटांच्या ढिगावर होतास. लोक धावत आले, विचारू लागले, तेव्हा मी म्हणाले, "दादानं." एवढंच. खरं फक्त आत्याला सांगितलं, तिच्या पदरात तोंड खुपसून. तिने माझं तोंड दाबून धरलं. आठवड्यात बाबांनी तुला वसतिगृहात टाकलं. तू बाबांच्या तेराव्यालाही आला नाहीस.

काल आईला सांगितलं. ती तांदूळ निवडून राहिली होती. हात थांबला नाही.

"माहीत होतं मले."

"मग काहून नाही बोललीस?"

"तो सोसून घेईन असं वाटलं मले. तू नसतं घेतलं."

तेव्हापासून आतल्या खोलीत आत्याचं ते 'म्या धकललं' सुरूच आहे. आई दार लावून घेते.

ये, असं तुला म्हणायचा अधिकार मला नाही. या पत्राच्या प्रती महादेवकाकांना आणि देवरावमामांना आजच टाकल्या आहेत. त्या दिवशी तुझ्यावर ज्यांनी हात उचलला, त्यांच्यातले हे दोघंच आता उरलेत.

तीस वर्षं तुझ्या जिवावर निर्दोष राहिलेली,
कामिनी