कोरडी पट्टी

११ फेब्रुवारी २००१
आळेफाट्याला लग्न. हजार माणसं आणि पंगतीत पाण्याचे तीन जग. बुंदीचा पहिलाच घास घशात अडकला. गिळायला तोंडात थुंकी लागते, हे साठ वर्षं कधी लक्षात घ्यावं लागलं नव्हतं. डोळे पांढरे केले असणार, कारण समोरची बाई ताट घेऊन मागे सरकली. पर्समधून स्टीलची बाटली काढून दोन घोट घेतले तेव्हा घास उतरला. नंतर नवरीला आशीर्वाद द्यायला गेले तर जीभ टाळूला चिकटलेली. "सुखी राहा" म्हणायचं होतं, भलतंच काहीतरी बाहेर पडलं. पोरगी घाबरून पाया पडली.

हात धुताना मागे आवाज. भावकीतली चंद्राक्का.
"डोळं बघा कसं लाल. जीब जड. अन् ती बाटली. रिटायर झाल्यापून घेत्यात वाटतं बाई."
"एकटं माणूस, काय करंल मग," दुसरी कुणी.

अडतीस वर्षं पुण्यात मुलींना स्पष्ट बोलायला शिकवलं, त्याचं हे फळ. वळून बाटली पुढे केली. "पाणी आहे, चंद्राक्का. वास घेऊन बघ."
तिने खरंच घेतला.

१९ फेब्रुवारी
पुणे. सहाची एस.टी. डॉ. पोरसवदा, पण हुशार. टीपकागदाची पट्टी दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं बसवलं. शाळेत शाई टिपायचो, तसलाच कागद. निरोगी माणसाची अर्धी पट्टी भिजते म्हणे. माझ्या काढल्या तेव्हा दोन्ही खडखडीत.

"कांदा चिरताना पाणी येतं?"
"नाही."
"शेवटचं कधी रडलात?"
"नोंद ठेवलेली नाही."

शरीर स्वतःच्याच ग्रंथींवर उलटलंय. आसवांच्या, थुंकीच्या. आजाराचं नाव परदेशी, गावी पिंपरी पेंढारला सांगून उपयोग नाही. "वाळलेली ग्रंथी परत पाझरत नाही मॅडम, सवय करून घ्या." ड्रॉप्स दिले, तासातासाला घालायचे. खोक्यावर लिहिलंय: कृत्रिम अश्रू. पुण्याशिवाय मिळत नाहीत. दोन बाटल्या आणल्या.

निघताना दोन कोऱ्या पट्ट्या मागून घेतल्या. का, ते सांगता येणार नाही. या वहीच्या कव्हरात आहेत.

४ मार्च
संध्याकाळी अण्णा, माझा थोरला भाऊ, ओट्यावर, त्याच्या दगडावर. माझ्या दोन खोल्या त्याच्या अंगणाला लागूनच, त्यामुळे काही लपत नाही. ड्रॉप्स घालत होते, टक लावून बघत बसला.
"मंजी आता तुला रडूच येनार न्हाई?"
"नाही."
"मी मेल्यावं बी?"
"आधी मरून तर दाखव."
खोकला येईपर्यंत हसला. मग म्हणाला, "दावतो की."
ड्रॉप्स ९.

२८ मार्च
अण्णा गेला. सकाळी आठला, कांद्याला पाणी देताना. सुरेशने, त्याच्या थोरल्याने, वाफ्यातून उचलला तेव्हा सगळं तोंड ओलं होतं. वाफ्याच्या पाण्याने. मी पाहिलं. ओलं तोंड, आणि जरासा हसल्यासारखा.
माझे डोळे कोरडे.

३० मार्च
पाहुणे येताहेत. जीप वेशीत थांबली की बायका तिथूनच सुरू करतात, दारात येईपर्यंत सूर लागलेला असतो. मग एकेकीच्या गळ्यात पडायचं. मी पण पडते. माझ्या खांद्यावर दुसऱ्यांची आसवं. ब्लाउज ओला, डोळे कोरडे. गळ्यात पडलेली प्रत्येक बाई बाजूला होताना एकदा माझ्या तोंडाकडे बघते. वर्गात हजेरी घेतल्यासारखं. मी रोज गैरहजर.

दुपारी सहन होईना. डोळ्यात तिखट पडल्यासारखं. गोठ्यामागे जाऊन ड्रॉप्स घातले, गालावर ओघळले ते पुसायच्या आत समोर चंद्राक्का. शेण टाकायला आलेली. बाटलीकडे बघितलं आणि पाटी उचलून गेली.

संध्याकाळपर्यंत गावभर: बाई बाटलीतलं पानी घालून रडत्यात.

म्हणजे नाही घातले तर दगड, घातले तर ढोंगी. वहिनीला आजाराचं समजावून सांगितलं. ती माझा हात धरून बसली. "वन्सं, मला कशापायी सांगता. तुमचं तुमाला ठावं." हे सांत्वन होतं की दुसरं काही, रात्रभर ठरवता आलं नाही.

२ एप्रिल
तीन दिवस एक कावळा तारेवर बसतो. माझ्या खिडकीसमोर, अण्णाच्या दगडाच्या बरोबर वर. ओरडत नाही. चोच उघडी ठेवून बसतो. उन्हाने सगळेच पक्षी अशी चोच उघडतात, हे मला माहीत आहे, मुलींना मीच शिकवलंय. पण हा सकाळी सातला, गारव्यातही उघडी ठेवतो. आतली जीभ दिसते. बारीक, कोरडी.
मी पापणी लववायचं विसरते, डॉ. मुद्दाम लववायला सांगतो. याचीही लवत नाही.
भाकरीचा तुकडा ठेवला. बघितला पण नाही.

५ एप्रिल
उद्या दहावा. आज दिवसभर एकच गोष्ट आठवते आहे, लिहून टाकते.

मी नऊ वर्षांची, अण्णा सोळाचा. आबा, आमचे वडील, लष्करात हवालदार; त्यांच्या साहेबाच्या चिठ्ठीवर मला पुण्याच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात घेतलं. अण्णाने शाळा सोडून शेती धरली होती. पोहोचवायला तोच आला, डोक्यावर माझी ट्रंक घेऊन. फाटकाशी मी रडायला लागले. सिस्टरने नुसतं बोट ओठांवर ठेवलं. मी थांबले. अण्णाला तिचं बोट कळलं नाही, तो मोठ्याने रडत राहिला, पटक्याच्या शेवाने नाक पुसत. व्हरांड्यात गोऱ्या-सावळ्या मुली उभ्या होत्या, पांढरे मोजे घातलेल्या. एकीने विचारलं, हा कोण?

मी म्हणाले, आमचा गडी.

मराठीतच म्हणाले, इंग्रजी कुठे येत होतं. तो चार पावलांवर होता. ऐकलं का नाही, चोपन्न वर्षांत विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.

डॉ. ला द्यायला हवं होतं ते उत्तर हे. शेवटचं रडले ते त्या फाटकाशी.

६ एप्रिल
दहावा. घाटावर. सगळं नीट लिहिते, उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

महाराजांचं प्रवचन झालं. मग पिंड दगडावर ठेवला आणि सगळे मागे सरकलो. बाभळीवर कावळेच कावळे. एक खाली येईना. पंधरा मिनिटं, अर्धा तास. मग आश्वासनं सुरू झाली. सुरेश मुंडण केलेल्या डोक्यावर ऊन घेत पुढे गेला. "अण्णा, आईला अंतर देनार न्हाई." काही नाही. भावकीतला नामदेव म्हणाला, "दादा, बांध सरकवलेला मागं घेतो." काही नाही. नामदेवला जरा बरं वाटलेलं दिसलं.

तास होऊन गेला. मग चंद्राक्का, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "ते बाईंची वाट बघतंय. सख्ख्या भनीनं टिपूस काढलं न्हाई. कसं शिवंल?"

दोनशे डोकी माझ्याकडे वळली. आयुष्यभर मी वर्गाकडे बघत आले, वर्ग माझ्याकडे असा कधी बघत नव्हता.

सुरेश कानाशी आला. "आत्या, ते ड्रॉप हायेत ना पर्समधी? घाला की दोन. लोकं खोळंबल्यात. पुढाऱ्यांची भाषनं ऱ्हायलीत अजून."
"तुझ्या बापाला फसवू?"
"कावळ्याला ओ, आत्या."

गेले. पिंडासमोर उभी राहिले आणि बाटली सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. मग दोन्ही डोळ्यांत घातले. वेळ झालीच होती. औषध आहे ते, चोरून का घ्यायचं. गालावर ओघळ आले तसं मागून कुणी बाई समाधानाने "हां" म्हणाली. त्या "हां"ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पदराने तोंड खसाखसा पुसून कोरडं केलं. हात जोडायला बाटली पिंडाशेजारी दगडावर ठेवली.

बोलायचं ठरवलं नव्हतं. जीभ टाळूला चिकटलेली, ती सोडवून अगदी हळू म्हणाले, "अण्णा, फाटकाशी मी तुला गडी म्हणाले."

गुरुजींचा माईक तिथे चालूच होता. पलीकडच्या तीरावरच्या झाडाला कर्णा. माझं वाक्य नदीपलीकडून परत आलं. जड, घोगरं, पुरुषी. मी बोलून झाल्यावर आलं, आणि तो आवाज माझा नव्हता. फार दिवस ऐकलेला होता. एवढंच लिहिते.

सगळ्यांच्या माना कर्ण्याकडे वळल्या.

बाभळीवरून एक उतरला. चोच उघडी. दगडावर चढला, पिंडाच्या बाजूने चालत गेला, भाताकडे मान पण वळवली नाही. माझ्याकडे बघितलं, आणि बाटली चोचीत धरून उडाला. नदीवरून, कर्ण्याच्या दिशेने.

मग भांडण. चंद्राक्का म्हणे शिवला. नामदेव म्हणे पिंडाला कुठं शिवला, बाटलीला शिवला. गुरुजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि पुढाऱ्यांना माईक दिला. पहिल्या पुढाऱ्याने अण्णाचं नाव चुकीचं घेतलं.

परतीला जीपमध्ये माझ्याशेजारी कुणी बसलं नाही. वहिनी आली आणि बसली. उतरताना म्हणाली, "त्यांनी ऐकलं व्हतं, वन्सं. आमचं लगीन झालं तवाच सांगितलं मला. हसत सांगितलं."
हसत कसं, ते विचारायचं होतं. जीभ सुटली नाही.

७ एप्रिल
ड्रॉप्स नाहीत. पहिली बाटली संपलेली, दुसरी त्याने नेली. तेरावा झाल्याशिवाय पुण्याला कुणी जाणार नाही. सुरेश ओशाळलेला. "त्या कावळ्याला काय चमकदार दिसलं आसंल, आत्या." हो, असेल. बाटली पांढरी होती, टोपण निळं.
चार तास ड्रॉप्स चुकले की डोळे उघडवत नाहीत, हा अनुभव आहे. ओला रुमाल घेऊन बसले आहे. वाट बघते आहे दुखण्याची.

८ एप्रिल
दुखत नाहीत.
नवीन दुखण्याच्या आधीचं हे असणार. आरशात लाली कमी. उजेडाचा फरक असेल.
तार रिकामी.

९ एप्रिल
तेरावा उरकला. पाहुणे पांगल्यावर चंद्राक्का आली. ताकाची किटली घेऊन. ओट्यावर बसली, पण अण्णाचा दगड सोडून.
"बाई, राग धरू नका. माजी बी एक भन व्हती." ताक पेल्यात ओतलं. मग, "ते औशीद कशाचं, खरं सांगा."
सांगितलं. शरीर स्वतःवर उलटतं, पाणी आटतं, सगळं. शाळेतल्यासारखं.
"मंजी आतल्या आत येत आसंल," ती म्हणाली. "भायेर वाट न्हाई म्हनून."
असं काही नसतं, म्हणाले. वैद्यकात असं काही नसतं.
ताक घशाखाली सहज उतरलं. ती गेल्यावर लक्षात आलं की स्टीलच्या बाटलीतलं पाणी न पिता तासभर बोलत होते.

१० एप्रिल
वहिनी सकाळी अंगण झाडताना थांबली. हाक नाही मारली, नुसती उभी. मी बाहेर गेले.
अण्णाच्या दगडावर माझी बाटली. टोपण चोचीने फोडलेलं, बाटली रिकामी. अर्धी भरलेली नेली होती.
"ठेवू का टाकू?" वहिनी.
"राहू दे तिथंच."
वर बघितलं. तारेवर तो. चोच मिटलेली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

आत आले तेव्हा उशीचा अभ्रा उजव्या बाजूला गार लागला. दव असेल, खिडकी उघडी होती. एप्रिलात दव पडतं का, हे मला पक्कं माहीत आहे.

कव्हरातून एक पट्टी काढली. नियम नियमाप्रमाणे. मनाचे खेळ कागदावर चालत नाहीत. सात वाजून बारा मिनिटांनी उजव्या डोळ्यात लावली, डावा मिटून हे लिहिते आहे. अक्षर वाकडं येतंय. पट्टी टोचते आहे, बाकी काही कळत नाही. खाली बघायचं नाही, डॉ. ने सांगितलंय, बघितलं की पट्टी निसटते.

सात सोळा. वहिनी चहाला हाक मारते आहे. थांब म्हणाले. आवाज साफ निघाला.

सात सतरा. पाच मिनिटं झाली. ओट्याच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "दाव की." वहिनी तर स्वयंपाकघरात आहे.
काढते.